तीन दगड आणि बचतीचा हिशेब

कापसाची शेवटची वेचणी संपली की मराठवाड्यातल्या गावांत आणखी एक काम उरते. उभ्या पराट्या उपटायच्या, त्यांचे भारे बांधायचे आणि ते घराच्या आडोशाला रचून ठेवायचे. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातले चकलांबा हे अशाच कोरडवाहू टापूतले गाव. पराट्या, तुराट्या, बांधावरची वेडी बाभूळ आणि गोवऱ्या ही इथल्या चुलीची शिदोरी. आज अनेक घरांत गॅसचे सिलिंडर आले आहे, पण पराट्यांचे ढीग अजून दिसतात. पावसाळ्यापूर्वी हा ढीग किती मोठा आहे, यावर घरातल्या बाईची पुढच्या चार महिन्यांची काळजी ठरते.

आपण वर्गात ऊर्जाबचतीचा धडा शिकवतो, तेव्हा तो बहुधा विजेच्या दिव्यापासून सुरू होतो. खोलीबाहेर जाताना दिवा बंद करा, पंखा बंद करा, सिग्नलला गाडीचे इंजिन बंद करा. हे सर्व योग्यच आहे. पण चकलांब्यासारख्या गावातल्या मुलाने आपल्या घरातल्या ऊर्जेचा हिशेब मांडला, तर त्याला काय दिसेल?

असा हिशेब शास्त्रीय पद्धतीने मांडण्याचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केले. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा नावाच्या लहानशा गावात त्यांनी घरोघरी जाऊन सरपण, रॉकेल, वीज, बैलांचे आणि माणसांचे श्रम या सर्वांचे मोजमाप केले. गावात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा भाग सरपणातून येत होता आणि त्यातला बहुतेक भाग स्वयंपाकासाठी व आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी खर्च होत होता. माणशी वर्षाला सुमारे ६०० किलो सरपण लागत होते. गावातले सर्वांत मोठे ‘ऊर्जायंत्र’ म्हणजे घरातली चूल, असे या अभ्यासाने आकड्यांत दाखवून दिले.

म्हणून खेड्यातल्या ऊर्जाबचतीचा इतिहास लिहायचा तर तो चुलीचा इतिहास म्हणूनच लिहावा लागेल. गेल्या ऐंशी वर्षांत ही चूल सुधारण्याचे अनेक प्रयत्न आपल्या देशात, आणि त्यातले काही महत्त्वाचे महाराष्ट्रात झाले. त्यांतल्या प्रत्येक पिढीने ‘बचत’ या शब्दाचा वेगळा अर्थ लावला. तो कसा बदलत गेला, हे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण आज कार्बनच्या बचतीबद्दल बोलताना आपण त्याच वाटेवर उभे आहोत.

तीन दगडांचे भौतिकशास्त्र

प्रथम एक साधे गणित करू. पाच लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ५ × ७५ म्हणजे ३७५ किलोकॅलरी उष्णता लागते. उन्हात वाळलेले एक किलो लाकूड पूर्ण जळाले, तर सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली असती, तर केवळ १०७ ग्रॅम लाकूड पुरले असते. तीन दगडांच्या चुलीवर प्रत्यक्षात ८०० - ९०० ग्रॅम लाकूड सहज लागते. याचा अर्थ दर शंभर भाग उष्णतेपैकी बारा-तेरा भागच भांड्यात पोचतात. चुलीची कार्यक्षमता २४ टक्के झाली, तर हेच पाणी ४५० ग्रॅम लाकडात उकळेल.

उरलेली उष्णता जाते कुठे? काही वाऱ्याबरोबर भांड्याच्या बाजूने निघून जाते, काही दगड, माती आणि जमीन तापवण्यात खर्च होते, काही पुढच्या उघड्या तोंडातून बाहेर फेकली जाते. आणि काही उष्णता मुळात निर्माणच होत नाही. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेसे तापमान मिळाले तर ते ज्योत होऊन जळतात, नाहीतर धूर होऊन निघून जातात. धूर म्हणजे न जळालेले इंधन होय.

तेव्हा चुलीला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली, इंधन किती पूर्णपणे जळते. दुसरी, निर्माण झालेल्या उष्णतेपैकी किती भांड्यात जाते. या दोन परीक्षा वेगवेगळ्या आहेत, आणि कधीकधी एकीत गुण वाढवायला गेले की दुसरीत कमी होतात. भांडे ज्योतीच्या फार जवळ आणले तर उष्णता जास्त मिळते, पण थंड बुडाला टेकून ज्योत अर्धवट विझते आणि धूर वाढतो. धुराडे बसवले तर धूर घराबाहेर जातो, पण ओढ वाढून गरम वायूही भांड्याला नीट न भिडता निघून जातात. ही ओढाताण लक्षात ठेवली तर पुढचा इतिहास समजायला सोपा जाईल.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरात या ज्ञानाचा अगदीच अभाव होता असे नाही. चुलीला जोडलेला वैल आठवा. मुख्य चुलीतून बाजूला जाणाऱ्या गरम वायूंवर वैलावरचे कालवण शिजत राहते, दूध ऊन राहते. वाया जाणाऱ्या उष्णतेचा हा दुसरा उपयोगच. पाणी तापवायचा तांब्याचा बंब त्याहूनही हुशारीचा. त्याच्या मधल्या नळीत विस्तव असतो आणि चहूबाजूंनी पाणी असते. उष्णतेला बाहेर पडायची वाट पाण्याला लागूनच काढलेली आहे.

युरोपात चुलीचा पद्धतशीर अभ्यास १७९० च्या दशकात काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने केला. तोफेची नळी कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील त्याचा प्रयोग आपण उच्च माध्यमिक वर्गांत शिकवतो. तोच रम्फर्ड बव्हेरियात म्यूनिकच्या गरिबांसाठी चालवलेल्या सार्वजनिक भटारखान्यांत इंधन कसे वाचेल याच्या मागे होता. विस्तव विटांत बंदिस्त करणे, हवा झडपेने आवरणे आणि भांडे चुलीत खोल बसवणे हे त्याचे उपाय. आजच्या बहुतेक सुधारित चुलींत हीच तीन तत्त्वे दिसतात.

पहिली पिढी : धूर

आपल्या देशात चुलीकडे सुधारणेच्या दृष्टीने लक्ष गेले ते धुरामुळे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा हे या कामाचे सूत्रधार होते. घाणी, हातकागद, मधमाशापालन यांच्या बरोबरीने तिथे स्वयंपाकघराचाही विचार झाला. १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ तयार झाली. मातीची, एकापाठोपाठ एक भांडी ठेवण्याची सोय असलेली आणि शेवटी धुराडे असलेली अशी ही चूल होती. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडीला मिळालेले नाव चुलीलाही मिळाले.

कुमारप्पांनी याच काळात तुरुंगात असताना ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिले. ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. निसर्गात काही साधने साठ्यासारखी असतात, वापरली की संपतात. कोळसा आणि खनिज तेल ही त्यांची उदाहरणे. काही साधने प्रवाहासारखी असतात, वापरली तरी पुन्हा भरून येतात. समाजाने आपला संसार शक्यतो प्रवाहावर चालवावा, असा त्यांचा विचार होता. कार्बन उत्सर्जन हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, पण आज ज्याला आपण नूतनक्षम ऊर्जा म्हणतो, त्यामागचा विचार हाच आहे.

दुसरा प्रयत्न हैदराबादमध्ये झाला, आणि चकलांब्याच्या वाचकाला तो जवळचा वाटायला हवा. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डॉ. एस. पी. राजू यांनी नळीसारखा बंदिस्त मार्ग, झडप आणि धुराडे असलेली मातीची चूल विकसित केली. १९५३ मध्ये त्यांनी ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला धूर, काजळी, धग, अपव्यय आणि आगीची भीती या पाचांपासून मुक्ती मिळाली पाहिजे, असे राजूंचे म्हणणे होते. या यादीत अपव्यय, म्हणजे इंधनाची बचत, चौथ्या क्रमांकावर आहे. विचाराच्या केंद्रस्थानी बाई होती.

दुसरी पिढी : सरपण

१९७३ मध्ये खनिज तेलाच्या किमती एकाएकी चौपट झाल्या आणि जगभर ऊर्जेची चर्चा सुरू झाली. त्याच सुमारास गरीब देशांतल्या लोकांचे खरे ऊर्जासंकट सरपणाचे आहे, असे अभ्यासक सांगू लागले. मराठवाड्याला तर १९७२ चा दुष्काळ ताजा होता. जंगले सरपणासाठीच तुटतात, असा समज रूढ झाला आणि चूल एकदम राष्ट्रीय महत्त्वाची वस्तू झाली. मात्र तिचे काम बदलले. आता तिने धूर घालवण्याआधी लाकूड वाचवायचे होते.

भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा गट सुरू झाला होता. पुरा गावाचा अभ्यास याच गटाचा. त्यांनी तयार केलेली तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ ही चूल (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) प्रयोगशाळेत ४० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता दाखवत होती. हवेचे प्रमाण, जाळी, भांड्यांमधील मार्गाची उंची या सर्वांचा त्यात काटेकोर विचार होता.

१९८३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. मातीच्या स्थिर चुलीची कार्यक्षमता किमान २० टक्के आणि धातूच्या सुट्या चुलीची किमान २५ टक्के असावी, अशी अट होती. किमतीचा मोठा भाग अनुदानातून मिळे. प्रत्येक राज्याला, जिल्ह्याला उद्दिष्ट ठरवून दिले जाई. २००२ मध्ये हा कार्यक्रम केंद्राने थांबवला, तोपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती.

नोंदलेले आणि उरलेले

साडेतीन कोटी हा आकडा लहान नाही. पण त्यातल्या किती चुली पाच वर्षांनी पेटत होत्या, हा प्रश्न विचारला की उत्तर निराशाजनक येते. अनेक ठिकाणी धुराडे तुंबले, पडले किंवा काढून टाकले गेले. भांड्याची तोंडे घरातल्या भांड्यांना बसेनात, म्हणून ती फोडून मोठी केली गेली. तोंड मोठे झाले की कार्यक्षमतेचे सारे गणित कोसळते.

ही बायकांची अडाणीपणाची खोड होती असे समजणे चुकीचे ठरेल. बाजरीची भाकरी कशी भाजतात ते पाहा. एक बाजू तव्यावर भाजायची, मग तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी आराला लावायची, म्हणजे ती टम्म फुगते. बंदिस्त चुलीचे तोंड अरुंद असते आणि आर आत खोल असतो. तिथे भाकरी लावायला जागाच नाही. प्रयोगशाळेत पाणी उकळून कार्यक्षमता मोजली गेली. पाण्याला आर लागत नाही.

इंधनाचेही तसेच. चाचणीत सारख्या आकाराचे, कोरडे लाकडाचे तुकडे वापरले जातात. पराट्या बारीक, लांब आणि भराभर जळणाऱ्या, तर गोवरी धुमसणारी. अरुंद तोंडाच्या चुलीसाठी पराटी तोडून बोटभर करायची, तर ते काम कोणी करायचे? शिवाय पावसाळ्यात चुलीच्या उघड्या धगीवर सरपण वाळत असते, थंडीत तिच्याभोवती घर शेकत असते. कोष्टकात ‘वाया गेलेली’ म्हणून दाखवलेली ही उष्णता घराच्या दृष्टीने वाया गेलेली नसते.

आणखी एक मोजणीतली चूक होती. तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता अनेकदा सरसकट दहा टक्के धरली जाई. १९८० च्या दशकात काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत असे दिसले की, वाऱ्यापासून आडोसा असेल आणि लाकूड जपून सारणारा हात असेल, तर तीच चूल याहून बरीच चांगली चालते. ज्या घरात सरपण दुर्मीळ असते तिथे बाई ते जपूनच वापरते. मग कागदावर दिसणारी बचत तितकी खरी कशी असेल?

बीड जिल्ह्यापुरता एक प्रश्न तर कोष्टकात आलाच नाही. या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. वर्षातला जवळजवळ अर्धा काळ त्यांचे घर म्हणजे साखर कारखान्याच्या परिसरातली कोपी. पहाटे फडावर जायचे म्हणून बाई त्याआधीच उठून भाकरी थापते. कोपीपुढे चूल असते ती तीन दगडांची, कारण तीन दगड कुठेही मिळतात. गावाकडे अनुदानातून बसवलेली पक्की चूल त्या काळात कुलपाआड असते. यादीत ती चालू चूल म्हणून मोजली जाते. सारे संसाराचे सामान बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांधणाऱ्या कुटुंबाला धुराडे बरोबर नेता येत नाही, एवढी साधी गोष्ट ठरवणाऱ्यांच्या लक्षात आली नाही.

याच काळात धुराचा प्रश्न वेगळ्या बाजूने पुढे आला. अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर १९८१ मध्ये गुजरातमधील चार गावांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर छोटे पंप बांधून त्या श्वासात घेत असलेल्या हवेतील कण मोजले. स्वयंपाकाच्या वेळी दर घनमीटर हवेत सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम कण आढळले. तुलनेसाठी, भारतात १९९४ मध्ये निवासी भागातील बाहेरच्या हवेसाठी चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा २०० मायक्रोग्रॅम ठरवली गेली. चुलीपुढचा काळ दोन-चार तासांचाच असला, तरी तो रोजचा आणि आयुष्यभराचा असतो. हवेचे प्रदूषण शहरातल्या कारखान्यांच्या धुराड्यांशी जोडून पाहण्याची सवय असलेल्या शास्त्रज्ञांना हा आकडा नवा होता. तो श्वास घेणाऱ्यांना नवा नव्हता.

उसाच्या पाचटाचा धडा

महाराष्ट्रातील सुधारित चूल कार्यक्रमाच्या तांत्रिक कामाशी पुण्याची ‘आरती’ ही संस्था जोडलेली होती. अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या नावाची ही आद्याक्षरे. १९९६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. चुलीचे साचे तयार करून ग्रामीण कारागिरांना, विशेषतः कुंभारकाम करणाऱ्यांना, त्या बनवून विकायला शिकवणे हा तिच्या कामाचा एक भाग होता. अनुदान संपल्यावरही जी चूल कोणीतरी पैसे देऊन विकत घेईल तीच टिकेल, असा त्यामागचा विचार.

पण ऊसतोडीच्या संदर्भात त्यांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे वाटते. ऊस तोडल्यावर दर हेक्टरी सुमारे दहा टन पाचट शेतात पडते. ते जनावरे खात नाहीत, लवकर कुजत नाही आणि चुलीत घातले तर भडकून क्षणात राख होते. म्हणून शेतकरी ते शेतातच पेटवून देत. आरतीच्या शास्त्रज्ञांनी यासाठी एक भट्टी तयार केली. पाचट पिंपांत ठासून भरायचे, पिंपे विटांच्या भट्टीत ठेवायची आणि बाहेरून तापवायची. हवेच्या अभावी पाचटाचा कोळसा होतो. तापताना पिंपातून जे ज्वलनशील वायू निघतात, तेच भट्टीत जळून पुढची उष्णता देतात. हाती येणाऱ्या कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडल्या की बिनधुराचे इंधन तयार होते. या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला.

इथे बचतीचा विचार चुलीकडून इंधनाकडे वळला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. धूर निघण्याचे काम भट्टीतच उरकले जाते, आणि चुलीपर्यंत धूर नसलेले इंधन पोचते. आता या चित्रातली विसंगतीही पाहा. फडातले पाचट जिच्या कोयत्याखाली पडते, ती बीड जिल्ह्यातली बाई संध्याकाळी कोपीपुढे ओल्या काड्यांच्या धुरात फुंकणी घेऊन बसलेली असते. तंत्र आणि गरज एकाच शिवारात असूनही त्यांची भेट आपोआप होत नाही. भट्टी चालवायला माणूस, कोळसा साठवायला जागा आणि तो विकत घ्यायला पैसा लागतो. ज्या इंधनाला पैसे पडत नाहीत, त्याच्याशी स्पर्धा करणे कोणत्याही चांगल्या इंधनाला कठीण जाते. फुकटच्या सरपणाची किंमत बाई वेळाने आणि डोळ्यांनी चुकवते, पण ती कोणत्याही पावतीवर येत नाही.

तिसरी पिढी : कार्बन

१९९० च्या दशकात पृथ्वीच्या तापमानवाढीची चर्चा सुरू झाली आणि चुलीला तिसरे काम मिळाले. १९९७ च्या क्योटो करारानंतर एका देशातील उत्सर्जनकपात दुसऱ्या देशाला विकत घेता येईल, अशी व्यवस्था आली.

चुलीतून निघणाऱ्या कार्बनचा हिशेब वरवर वाटतो तितका सरळ नाही. पराटीने ज्या हंगामात हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन काडी वाढवली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती जळून तेवढाच परत दिला. हा प्रवाह झाला, कुमारप्पांच्या भाषेतला. झाड तोडून पुन्हा लावले नाही, तर मात्र साठा कमी झाला. म्हणजे तेच लाकूड, तीच चूल, पण सरपण कुठून आले यावर हिशेब बदलतो.

यात दुसरी गुंतागुंत धुराची. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या चूल आणि इंधनांच्या दोन डझनांहून अधिक जोड्यांच्या धुराचे पृथक्करण करून २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अपुऱ्या ज्वलनामुळे लाकूड आणि गोवऱ्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि इतर वायू मोठ्या प्रमाणात असतात, आणि तेवढ्याच कार्बनसाठी त्यांचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त असतो. त्यामुळे गोवऱ्यांच्या धुरकट चुलीवर केलेला स्वयंपाक, खनिज इंधन असलेल्या गॅसवर केलेल्या तेवढ्याच स्वयंपाकापेक्षा हवामानाला अधिक जड पडू शकतो. धूर म्हणजे न जळालेले इंधन, हे सुरुवातीचे वाक्य इथे पुन्हा उपयोगी पडते. चांगले ज्वलन हे बाईच्या फुप्फुसांना आणि पृथ्वीला एकाच वेळी हिताचे आहे.

मात्र बाजारात मोजमापाची जुनी चूक पुन्हा शिरली. सुधारित चुली वाटून मिळवलेली कार्बनची ‘पते’ विकण्याचा व्यवसाय जगभर वाढला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०२४ मध्ये अशा प्रकल्पांच्या नमुन्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबात प्रत्यक्ष कपातीच्या सुमारे नऊ पट पते दिली गेली होती. कारणे आपल्या ओळखीची आहेत. वाटलेली प्रत्येक चूल रोज वापरली जाते असे धरणे, जुनी चूल बंद झाली असे धरणे, आणि सरपण तोडल्याने जंगल किती घटते याचा अंदाज फुगवणे. १९८३ च्या कार्यक्रमात झालेली चूक इथे पैशाच्या व्यवहारात उतरली, आणि त्या खोट्या बचतीच्या आधारावर दुसरीकडे कोणीतरी खरा धूर सोडला.

गॅस आला, चूल राहिली

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावाने गॅसजोडणी द्यायची, ही तिची मुख्य कल्पना. ७ सप्टेंबर २०१९ रोजी आठ कोटींवी जोडणी बीडला लागूनच असलेल्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे दिली गेली. धुराच्या दृष्टीने ही गेल्या ऐंशी वर्षांतली सर्वांत मोठी झेप आहे, यात शंका नाही. बटण फिरवताच पेटणारी निळी ज्योत राजूंच्या पाचही मुक्ती बऱ्याच अंशी देते.

तरीही ग्रामीण घरांत गॅस आणि चूल दोन्ही चालू असल्याचे अभ्यासांतून वारंवार दिसते. चहा, पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर. सिलिंडर १४.२ किलोचे, ते भरायचे तर रोकड एकरकमी हवी. मजुरी हंगामी असेल तर ती नेमक्या वेळी हाती नसते. जोडणीची संख्या ही पुन्हा एकदा बसवलेल्या चुलींच्या संख्येसारखीच आहे. वर्षात किती वेळा सिलिंडर भरले, हा आकडा अधिक खरे सांगतो, आणि पराट्यांचा ढीग त्याहूनही खरे सांगतो.

वर्गात करण्याजोगे

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बचत ही यंत्रात नसते, ती वापरात होते. म्हणून ती जिथे वापर होतो तिथेच मोजली पाहिजे. आणि हे काम शाळेतली मुले उत्तम करू शकतात.

ज्यांच्या घरी चूल पेटते अशा पाच-सहा मुलांनी सात दिवस एक नोंद ठेवावी. सकाळी सरपणाचा एक भारा ताणकाट्यावर तोलून बाजूला ठेवायचा, दिवसभर त्यातलेच वापरायचे आणि रात्री उरलेले तोलायचे. त्या दिवशी घरात किती माणसे जेवली, ते लिहायचे. सरपण कोणी आणले, किती वेळ लागला, हेही लिहायचे. आठवड्याच्या शेवटी माणशी दररोज किती किलो सरपण लागले ते काढून, वर्षाचा अंदाज करून पुरा गावाच्या ६०० किलोंशी ताडून पाहता येईल. दुसऱ्या आठवड्यात फक्त दोन बदल करावेत. भांड्यावर झाकण ठेवावे आणि डाळ शिजवण्याआधी दोन तास भिजवावी. फरक पडला का, किती पडला, हे मुलांनी स्वतः काढावे. मात्र दुसऱ्या आठवड्यात पाहुणे आले असतील किंवा पाऊस पडून सरपण ओले झाले असेल, तर तेही लिहिले पाहिजे. मोजमापात प्रामाणिकपणा कशाला म्हणतात, ते इथे शिकता येते.

एक रकाना विसरू नये. घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचारायचे : या आठवड्यात तुमचे काम वाढले की कमी झाले? साडेतीन कोटी चुलींच्या नोंदवहीत हा रकाना असता, तर त्यातल्या कितीतरी आज पेटत असत्या.

ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुले दिवाळीनंतर वर्गात दिसत नाहीत. ती परत आल्यावर हीच नोंद त्यांच्याकडून कोपीतल्या चुलीबद्दल तोंडी विचारून घ्यावी. फडावर काय जाळता, कोण पेटवते, किती वाजता, धूर कुठे जातो. ज्या चुलीसाठी अजून कोणी चांगली रचना केलेली नाही, त्या चुलीची माहिती या मुलांकडेच आहे.